तारेखालचं नाव

नत्थुजी वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, अंगणातून बाहेर पडलेलं प्रत्येक चाक नत्थुजीचं असायचं. बाभूळ कोणी कापली, आरे कोणी तासले, कडेचे पुठ्ठे कोणी जोडले, मधल्या तुंब्याला भोक कोणी पाडलं, हे कोणी विचारत नसे. अकोल्याच्या कापूसबाजारात गाडीवान एकमेकांना सांगायचे, नत्थुजीचं चाक आहे, पंधरा वर्षं पाहावं लागत नाही. पण अलीकडची सात-आठ वर्षं ती चाकं सूर्यभान बनवत होता.

सूर्यभान नत्थुजीचा जावई. मूळचा मोर्शीकडचा. मानमोडीच्या साथीत त्याचे आईबाप एका आठवड्यात गेले. चुलत्यानं त्याला कापसाच्या गाडीवर बसवलं आणि जठारपेठेच्या कडेला नत्थुजीच्या दारात आणून सोडलं. नत्थुजीला मुलगा नव्हता. एक मुलगी होती, गोदाबाई. पाच वर्षांनी तिचं सूर्यभानशी लग्न लागलं आणि तो तिथंच राहिला. वऱ्हाडात घरजावयाला तोंडावर कोणी काही म्हणत नाही, आणि पाठीमागे दुसरं काही म्हणत नाही.

गोदाबाईला चाक कळायचं. बाईनं तासायचा वाकस हाती धरायचा नसतो. पण वाढयाच्या अंगणात वाढलेल्या मुलीचे कान कोण बंद करणार? लोखंडी धाव चढवताना ठोका पडायचा आणि ती चुलीपाशी बसून सांगायची, “एक आरा ढिला हाये.” सूर्यभान उठून पाहायचा. आरा ढिला असायचा. तो हसायचा. तिच्याकडे बघून नाही, बाप समोर असे. आऱ्याकडे बघून हसायचा.

हंगामात तो रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्येही जायचा. लाकडी पेटीत उतरून रुई पायानं तुडवायची, मग वरून दाब. तिथला मुकादम दिवसभर एकच ओरडायचा. “रुईले जागा भेटली का ते फुगते. जागाच ठेवू नोका.” सूर्यभानच्या पेटीतला बोजा कधी सैल निघाला नाही. त्या एका कामात त्याला कोणी कोणाचा जावई म्हणत नसे.

तीस सालच्या पोळ्याला खुशालराव पाटलांनी नवी दमणी, बसायची हलकी गाडी, सांगितली. तिची दोन्ही चाकं सूर्यभाननं एकट्यानं केली. तुंब्यावर त्यानं एक लहानसा सूर्य कोरला. रुपयाएवढा, बारा किरणांचा. सकाळी नत्थुजी आला. त्यानं चाक फिरवून पाहिलं, कान लावून पाहिलं. मग वाकस घेतला आणि सूर्य तासून टाकला.

“चाकावर नक्षी नसते,” तो म्हणाला. “चिखल बसते तिथं.”

तो रागावला नव्हता. त्याचं म्हणणं खरंही होतं. सूर्यभाननं खाली पडलेल्या ढलप्या गोळा केल्या. दोन महिन्यांनी मुंबईच्या एका ठेकेदाराचा माणूस प्रेसमध्ये आला. आफ्रिकेत, मोंबासाला, रेल्वेच्या कारखान्यात सुतार पाहिजे होते. सूर्यभाननं अंगठा न देता सही केली. तिसरीपर्यंत शिकलेला होता.

स्टेशनवर गोदाबाईनं विचारलं, “बाले काय सांगू?”

“काई सांगू नोको. दोन वर्सांत येतो.”

पत्रं यायची ती पलीकडच्या घरातला जानराव वाचून दाखवायचा. अमरावतीच्या कॉलेजातून साहित्य घेऊन तो बी.ए. झाला होता आणि नोकरीशिवाय घरी बसला होता. सूर्यभानपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, तरी दोघांची गट्टी. सूर्यभान त्याला नावानं हाक मारत नसे, ‘बीए’ म्हणे. जाण्याआधी त्यानं जानरावला पुस्तकांसाठी फळी करून दिली होती. तिच्यात एकही खिळा नव्हता.

पहिलं सव्वा वर्ष पत्रांत विशेष काही नव्हतं. रेल्वेच्या डब्यांची बाकं. ताप. तांदूळ चांगला मिळतो, ज्वारी मिळत नाही. मग बत्तीस सालच्या माघात एक पत्र आलं. जानराव ओट्यावर बसून वाचू लागला. नत्थुजी खाटेवर पडून ऐकत होता. शेजारच्या लीलाबाई तूर पाखडायचं सूप घेऊन आल्या होत्या.

“‘रेल्वेचं काम सरलं. आता मी बंदरावरच्या यार्डात लागलो. इथं नावा दुरुस्त करतेत. एक गोरा कप्तान हाये. डेन्मार्क म्हणून मुलूख हाये, तिथला. म्हातारा हाये. पंधरा वर्सं मुंबई-कराची करून राह्यला, आपली हिंदी समजते त्याले. त्याची शिडाची नाव जमिनीवर टेकूवर उभी हाये. दोन वर्सं झाले तशीच. कप्तान तिच्यातच राह्यते. चूल आत, खाट आत, घड्याळ आत, कोंबड्या आत. शिडी लावून चढते, अन मंग शिडी वर ओढून घेते.’”

“अन तुळस?” लीलाबाईंनी विचारलं.

“साहेबाच्या घरी तुळस कुठून येईन, काकू?”

“मंग ते घर कायचं. डबा होय तो.”

“दोन वर्सं उन्हात?” खाटेवरून नत्थुजी म्हणाला. जावयाच्या पत्रावर तो सहसा बोलत नसे. “वाळून सांधे सुटले असतीन तिचे.” मग त्यानं कूस बदलली.

पुढचं पत्र फाल्गुनात आलं. नावेच्या चार बरगड्या किडल्या होत्या. सूर्यभाननं नव्या घातल्या. बरगडी वाकवायची कशी, लाकूड वाफेवर कसं ठेवायचं, हे त्यानं पानभर लिहिलं होतं. त्याचं अक्षर इतकं मोठं कधी आलं नव्हतं. कप्तान म्हणाला होता, तू घातलेल्या लाकडावर तुझी खूण कर, पुढं कोणी नाव उघडली तर त्याला कळलं पाहिजे हे काम कोणाचं. म्हणून त्यानं मधल्या तुळईवर सूर्य कोरला.

“‘बारा किरणांचा,’” जानरावनं वाचलं. “‘अजून तिथंच हाये. कोनी तासला नाई.’”

खाटेवर नत्थुजीनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

पत्राच्या शेवटी होतं, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाव पाण्यात उतरवणार. मग वारा धरून मुंबईला. कप्तानाला वाटेत सुतार लागतो. म्हणून मी आगबोटीनं येत नाही, नावेतूनच येतो.

“समुद्रातून?” लीलाबाई म्हणाल्या. “इतका मोठा रस्ता?”

“आगबोटही समुद्रातूनच येते, काकू.”

“तुमी शिकलेले लोक काईही म्हनता.”

गोदाबाई हसली. मोजून पाहिलं तर अखाजीला दोन महिने होते, आणि तिथून पुढं महिनाभर. तिनं भिंतीवर कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली.

चैत्र तापला. कापूसबाजार ओस पडला आणि गाड्या अंगणात येऊ लागल्या. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात चाक वाळतं, आरे खुळखुळतात, धाव सुटते. गाडीवान गाड्या मोर्णा नदीच्या डोहात नेऊन उभ्या करतात. दोन-तीन दिवस पाणी पिऊ देतात. लाकूड फुगतं आणि चाक आपोआप घट्ट होतं. मग काय उरलंसुरलं ते वाढई पाहतो. नत्थुजी त्या दिवसांत वरुडला गेला होता. तिथल्या केशवराव बागायतदाराच्या संत्र्याच्या गाड्या दुरुस्त करायच्या होत्या, आठ-दहा दिवसांचं काम होतं.

अखाजीला नऊ दिवस उरले असताना नावेबद्दलचं तिसरं पत्र आलं. ते एकोणीस दिवस वाटेत होतं.

गोदाबाई अंगणात होती. एका गाडीवानानं सकाळीच खुळखुळतं चाक आणून ठेवलं होतं. तिच्या हातात पाण्याची बादली होती. जानराव ओट्यावर बसला आणि वाचू लागला.

“‘आता सांध्यांचं काम हाये. फळी अन फळीमंधी जागा राह्यते, तिच्यात रुई ठोकून भरा लागते, म्हंजे पाणी आत येत नाई. नाव वाळून गेली. सांध्यात हाताचं बोट जाते. यार्डाचा म्हातारा मिस्तरी कच्छचा हाये. त्याच्या घरी कोनी वारलं म्हणून तो गावी मांडवीले गेला. जाता जाता सांगून गेला, पंधरा दिवस नावेवर ओले पोते टाक, मंग रुई भर, अन हलकी भर. पोटभर जेवू घालू नोको तिले, म्हने. मी मनात हासलो. कच्छच्या मानसाले रुई काय समजते? मी अकोल्याचा होय.’”

जानरावही हसला. पुढं वाचू लागला.

“‘पोते टाकत बसाले टाइम कोठी हाये? वारा निघून जाईन म्हनते कप्तान. म्या कोरड्यातच भरली. दोन दोन पदर. प्रेसमंधी भरतो तशी, ठोकून ठोकून. वरून राळ. आता सुरीचं पातं जात नाई कुठी. कप्तानानं सुरी घालून पाह्यलं. पाठीवर थाप मारली त्यानं माह्या.’”

बादली खाली टेकल्याचा आवाज झाला.

“पुन्हा वाचा,” गोदाबाई म्हणाली.

“कुठून?”

“सांध्यापासून.”

त्यानं पुन्हा वाचलं. ती उभी राहून ऐकत होती. वाचून झालं तरी उभीच होती.

“कोरड्यात भरली?”

“हो वयनी. असंच लिवलं हाये. काहून?”

तिनं त्याला खाली बोलावलं. ते चाक दाखवलं. हातानं हलवलं. आरे खुळखुळले.

“हे आता असं हालून राह्यलं. ह्याच्यात म्या आता पाचरी ठोकल्या तर?”

“घट्ट होईन.”

“होईन. आज घट्ट होईन. मंग मोर्णेत उभं केलं तर?”

“अजून घट्ट होईन.”

“नाई होत, भाऊजी. फुटते.” तिचा आवाज साधाच होता. भाकरी करपते, असं सांगावं तसा. “लाकूड पाणी पेते अन फुगते. पाचर त्याले जागा देत नाई. मंग ते भाईर ढकलते. पुठ्ठा फुटते. एकदम नाई फुटत. दोन-चार दिवस चांगलं दिसते. लय चांगलं दिसते. मंग फुटते. वाळल्या चाकाले पाचर मारत नाई, हे आमच्या घरी पोट्ट्यालेही मालूम हाये.”

“मंग त्याइले कसं मालूम नाई?”

ती चाकाकडे पाहत राहिली.

“चाक असतं तर समजलं असतं,” ती म्हणाली. “रुई दिसली अन अकोला आठवला.”

ते दोघं तसेच तारऑफिसात गेले. ऊन डोक्यावर होतं. जानरावनं कागद घेतला. मोंबासाची तार इंग्रजीत जाणार होती आणि तिथं कोणीतरी कारकून ती सूर्यभानला हिंदीत सांगणार होता. म्हणून शब्द साधे पाहिजे होते. त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी असं झालं: वाळल्या चाकाला पाण्याआधी पाचर नाही. रुई काढा. नाव भिजवा. मग भरा.

“खाली नाव कोनाचं घालू?” त्यानं विचारलं.

“बाचं.”

“नत्थुजीबाबा तं वरुडले हायेत.”

“तरी त्याइचंच घाला.”

“तुमचं घालतो, वयनी. सांगून तं तुमीच राह्यल्या.”

गोदाबाईनं आजूबाजूला पाहिलं. खिडकीपाशी चार माणसं उभी होती. “बायकोची तार दहा लोक वाचतीन तिथं,” ती हळू म्हणाली. “हासतीन त्याइले. अन बायकोचं ऐकून कोनी झालेलं काम उकलते काय? बाचं नाव मोठं हाये. बाचं नाव पाहून ऐकतीन ते.”

जानराव लेखणी धरून थांबला. मग त्यानं लिहिलं: नत्थुजी.

उत्तराला दोन दिवस लागले. तारवाला दारात उभा राहिला तेव्हा लीलाबाईंनी आधीच पदर तोंडाला लावला होता. जानरावनं तार फोडली. “‘तार मिळाली. सर्व ठीक. येतो. सूर्यभान.’”

लीलाबाईंनी घरून गूळ आणला. सगळ्यांच्या हातावर ठेवला. “आता तरी हास, माय.”

“रुई काढली म्हनते का?” गोदाबाईनं विचारलं.

“सर्व ठीक म्हनते न.”

“काढली म्हनते का?”

जानरावनं तार उलटी करून पाहिली. मागं काही नव्हतं. दुसरी तार करू, तो म्हणाला. आता तुमच्या नावानं करू. तिनं विचार केला. एकदा मोठ्या माणसाच्या नावानं सांगितल्यावर मागून बायकोनं तेच विचारायचं, म्हणजे नवऱ्यावर विश्वास नाही असं व्हायचं. “ठीक म्हनलं त्याइनं,” ती म्हणाली. “ठीकच असन.”

नत्थुजी वरुडहून टोपलीभर संत्री घेऊन परत आला. तिनं त्याला तारेचं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिली.

अखाजी आली. तिनं घागर भरली, वारलेल्या आईच्या नावानं पूजली. घागर मातीची, नवी होती. पाणी भरल्यावर ती बाहेरून हळूहळू ओली होत गेली. गोदाबाई स्वयंपाक सोडून मध्ये मध्ये तिच्याकडे बघत होती.

चौथं पत्र वैशाख संपता संपता आलं. दुपारची वेळ होती. नत्थुजी खाटेवर बसला होता, आणि जानरावनं नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“‘अखाजीले नाव पाण्यात गेली. आज चौथा दिवस हाये. आत एक थेंब पाणी नाई. यार्डातले लोक येऊन पाहून जातेत. कप्तान म्हनते, इतकी कोरडी नाव त्यानं जन्मात पाह्यली नाई. परवा निंगतो. रात्री लाकूड बोलते. कुठी कट्ट वाजते, कुठी कर्र वाजते. नवीन जागी तिले झोप लागत नसन.’”

नत्थुजीचा हात बिडीकडे जाता जाता थांबला.

“काय म्हने? बोलते?”

“हो बाबा. असं लिवलं हाये.”

“पाण्यात उतरल्यावर?”

“हो.”

म्हाताऱ्यानं बिडी पेटवली नाही. “पुठ्ठा फुटाच्या आधी बोलते,” तो म्हणाला. कोणालाच उद्देशून नाही.

जानरावनं गोदाबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. वाचा.

“‘तुह्या बाची तार भेटली. रुई काढा म्हनते. इतकी वर्सं त्याइनं माहं काम तासलं, म्या काई म्हनलं नाई. हे नाई काढू देत. हे चाक नाई, नाव हाये, अन ते तिकडे अकोल्यात बसून…’” जानराव अडखळला.

“पुढं काय हाये?”

“अक्षर लागत नाई, वयनी.”

“तुमाले लागत नाई?” ती म्हणाली. “बी.ए. ना तुमी?”

त्यानं खाली पाहून वाचलं. “‘तूनं सांगतलं असतं तं गोष्ट अलग होती. तुह्या कानावर माहा भरोसा हाये. तूनं सांगतलं असतं तं म्या सगळी रुई उकलली असती, कप्तान काई म्हनो.’”

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचं चाक कुरकुरत होतं.

“कोनती तार?” नत्थुजीनं विचारलं. “म्या कवा तार केली?”

गोदाबाईनं सांगितलं. सगळं सांगितलं, चाकापासून खिडकीपाशी उभ्या असलेल्या चार माणसांपर्यंत. नत्थुजी ऐकत होता. त्याचं वय तेव्हा सत्तरीला आलं होतं, पण इतका म्हातारा तो त्याआधी कधी दिसला नव्हता.

“बरोबर सांगतलं तूनं,” तो शेवटी म्हणाला. “म्याही तेच सांगतलं असतं. अन त्यानं माहं ऐकलं नसतं. माहं नाव काहून घातलं, बाई?”

त्या संध्याकाळी तिनं स्वतःच्या नावानं तार केली. जानरावनं विचारलंही नाही. पण पत्र वीस दिवसांपूर्वीचं होतं. नाव निघून अठरा दिवस झाले होते. मोंबासाहून उत्तर आलं, नाव गेली, इथं कोणी नाही.

मग वाट पाहणं. कप्तानाच्या हिशोबानं मुंबईला पंचवीस दिवस. तीस झाले. चाळीस झाले. नत्थुजी रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बसायचा. मुंबईची गाडी येऊन गेली की परत यायचा आणि सांगायचा, “आज गर्दी होती.” भिंतीवरच्या रेघा गोदाबाईनं बंद केल्या. आता कुठपर्यंत मारायच्या ते माहीत नव्हतं. लीलाबाई रोज कोणाच्या तरी बहिणीच्या दिराची गोष्ट सांगायच्या, जो अशाच नावेतून सहा महिन्यांनी परत आला.

आषाढ लागला आणि एक जाड लिफाफा आला. तिकीट एडनचं. आत इंग्रजी पत्र, कप्तानाचं. जानरावनं ते आधी मनात वाचलं. तो वाचत असतानाच गोदाबाई उठून आत गेली. तिनं दिवा ठेवायच्या कोनाड्यापाशी हात टेकला. मग बाहेर आली आणि बसली.

“सांगा,” ती म्हणाली.

जानरावनं सांगितलं. वाक्य वाक्य करून. निघाल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी पहिली बरगडी तुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. जुनी होती, सूर्यभाननं घातलेली नव्हे. तासाभरात तिच्या शेजारची. फळ्या बाहेर फुगल्या. मग समुद्र आत येऊ लागला. नावेवर तिघं होते, कप्तान, तिकडच्या लामू बंदराचा एक खलाशी आणि सूर्यभान. दुपारपर्यंत त्यांनी पाणी उपसलं. बरोबर एक लहान होडी होती. कप्तान नाव सोडायला तयार नव्हता, त्याचं घर होतं ते. सूर्यभाननं त्याला दोन्ही हातांनी उचलून होडीत टाकलं. खलाशी मागून उतरला. सूर्यभान परत आत गेला. बरगड्यांना टेकू देत होता. कप्तानानं लिहिलं होतं, हातोड्याचे ठोके आम्हाला होडीतून ऐकू येत होते. पुष्कळ वेळ येत होते. मग आले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका अरबी गलबतानं त्या दोघांना उचललं.

नत्थुजी खाटेवरून उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. पाठ करून.

“अजून हाये,” जानराव म्हणाला. त्यानं पान उलटलं. “कप्तानाले काई विचारायचं हाये तुमाले.”

पहिली बरगडी तुटली तेव्हा सूर्यभान तिच्यावर तळहात ठेवून बसला होता. मग तो थोडासा हसला आणि आपल्या भाषेत काही म्हणाला. दोनदा तेच म्हणाला. कप्तानानं ते जसं ऐकू आलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. जानरावनं ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं.

“‘गोदीचंच होय हे. म्हातारा कायले करन? गोदीचंच होय.’”

कप्तानानं पुढं खुलासा केला होता. बंदरावर राहिल्यामुळे त्याला गोदी हा शब्द माहीत होता. गोदी म्हणजे नावा दुरुस्त करायची जागा, म्हणजे ते यार्ड. मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही. दोष त्या यार्डाचा आहे, आणि त्या म्हाताऱ्या मिस्तरीचा, जो काम अर्धवट टाकून घरी गेला. तो सरकारात तक्रार करणार होता. मिस्तरीला काढायला लावणार होता. त्यासाठी मृताच्या घरच्यांनी लिहून द्यावं, की हे शब्द त्याचेच आहेत.

गोदाबाईनं ते शब्द पुन्हा वाचायला लावले. तिसऱ्यांदाही.

तिला गोदी म्हणणारा जगात एकच माणूस होता. बाप तिला बाई म्हणायचा, बाकीचे गोदाबाई. तो म्हणायचा तेही कोणी नसताना, आणि पत्रात तर कधीच नाही, कारण पत्र जानराव वाचणार. आता जानरावच्याही लक्षात आलं. चारही पत्रांत सूर्यभाननं त्या जागेला यार्डच म्हटलं होतं. गोदी हा शब्द त्यानं एकदाही लिहिला नव्हता. चारचौघांत बायकोचं नाव कोण घेतं?

“तारेचं म्हनत होते ते,” गोदाबाई म्हणाली. “म्हातारा कायले तार करन, असं म्हनत होते. तार म्या केली, हे समजलं त्याइले. लाकूड फुटल्यावर समजलं.”

जानरावनं तोंड फिरवलं.

“भाऊजी, रडू नोका. अजून लिवायचं हाये. कागद आना.”

तो कागद घेऊन आला. ती भिंतीला टेकून बसली होती आणि थांबून थांबून सांगत होती. मिस्तरीचा दोष नाही असं लिवा. त्यानं बरोबर सांगतलं होतं. हलकी भर म्हनला होता तो. ओले पोते टाक म्हनला होता. त्याले काढू नोका. त्याच्या घरी मयत झाली होती. यार्डाचाही दोष नाही. आमच्या मानसाचे शब्द त्याइचेच हायेत, पण त्याचा अर्थ तसा नाही.

“मंग कसा लिवू?”

“लिवा, गोदी म्हंजे मी.”

जानरावनं लिहिलं. इंग्रजीत ते फार लहान वाक्य झालं. त्यानं शाई वाळू दिली आणि कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे होय?”

“हो.”

“इतकंसंच?”

“हो, वयनी. इतकंच होते.”

तिनं बोट उचललं नाही. “आता खाली माहं नाव घाला,” ती म्हणाली. “पुरं घाला.”